साडेसातची लाइन

लातूर,
शनिवार, २४ मे.

प्रिय वर्षाराणी,

शरणार्थ. सून राहिली नाही अशा सुनेला पत्राच्या सुरुवातीला आशीर्वाद लिहायचा की नुसता नमस्कार, हे हैदराबादच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरांनी मला शिकवलं नव्हतं, आणि तुमच्या दोन्ही वकिलांनी तेवीस कलमांच्या करारातही कुठे घातलेलं नाही. म्हणून मी आम्हा लिंगायतांचं नेहमीचं ‘शरणार्थ’च लिहिते. गेल्या नोव्हेंबरात कोर्टाने तुमचा घटस्फोट केला, पण तू मला ‘आत्या’ म्हणायचं सोडलं नाहीस आणि मी तुझ्यावर ओरडायचं सोडलं नाही. हे दोन हक्क आपण आपापल्या ताब्यात ठेवू.

उद्या सकाळी अहमदपूरच्या बसस्टँडवर मी शिवानीला तुझ्या हवाली करीन, तेव्हा हे पाकीट तिच्या बॅगेच्या वरच्या कप्प्यात असेल. तिथे मी तुझ्याशी उन्हाबद्दल बोलेन, एसटीवाल्यांना चार शब्द सुनावेन आणि परतीच्या गाडीत बसेन. आठ दिवस आधी का आणताय, असं काल तू फोनवर तीनदा विचारलंस आणि मी तिन्ही वेळा तुला उडवून लावलं. कारण या पत्रात आहे. नांदेडला घरी पोचल्यावर, पोरीला जेवू घातल्यावर, पंख्याखाली बसून वाच. वाचून झाल्यावर तू तिला पुन्हा माझ्या घरी पाठवशील की नाही, मला सांगता येत नाही. तुझ्या जागी मी असते तर पाठवलं नसतं. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढचं सगळं मी तुला गोड बोलून वळवण्यासाठी लिहितेय असं तुला वाटायला नको. गोड बोलणं मला कधी जमलं, ते तूच सांग.

आधी पोरीची खबरबात. वजन वाढलंय, तू म्हणशील दिसत नाही, पण वाढलंय. उजवीकडची एक दाढ पडली आणि तिने ती उमाबाईच्या पदरात गुंडाळून ठेवली. उमाबाई भांडी घासायला बसली तेव्हा दाढ खाली पडली आणि बाई किंचाळली की तिचाच दात पडला. कुरडया घालायला शिकली आहे. तिच्या कुरडयांना ना सुरुवात ना शेवट, पण तळल्यावर पोटात सगळं सारखंच. शेंगाची चटणी रोज लागते. माझ्याकडून कानडी शब्द शिकली आहे, त्यातले तीन तुला आवडणार नाहीत, ते मला राग आला की तोंडातून निघतात. सकाळी मी लिंगपूजेला बसले की शेजारी बसते, विभूती लावून घेते आणि डोळे मिटून एका डोळ्याच्या फटीतून माझ्याकडे बघते. मीही एका फटीतून तिच्याकडे बघते. देवाला हे खपत असावं.

आमच्या गल्लीत यंदा नळ सात दिवसांनी येतो. त्यामुळे शिवानीने दिवस मोजायचं सोडून दिलं आणि नळ मोजायला लागली. आंबे दोन नळांपूर्वी आणले होते. आईकडे जायला अजून तीन नळ आहेत. लातूरचं लेकरू झाली अगदी, असं मला वाटलं आणि मी कौतुकाने शेजारणीला सांगितलं. मग एका सकाळी ती बादल्या मांडता मांडता म्हणाली, “अव्वा, पप्पांना जाऊन दोन नळ होत आले.” त्या दिवशी मी ते कौतुक सांगणं बंद केलं. म्हणजे कळलंच तुला, हे पत्र कुठे चाललंय ते. तू हुशार आहेस. मी शिकवलेली आहेस.

ते दिवस मला या महिन्यात फार आठवले. तू हिमायतनगरहून आमच्या घरात आलीस तेव्हा बावीस वर्षांची होतीस, डी.एड. झालेली, आणि इंग्रजी शब्द आला की गिळून टाकायचीस. तुझे मामंजी तेव्हा होते. त्यांचा दुकानावरून फोन आला की तू माझ्याकडे पळायचीस, कारण त्यांना ‘हॅलो’नंतर काय म्हणायचं ते सुचायचं नाही आणि तुलाही. मग आपली इंग्रजीची शिकवणी सुरू झाली. तू पोळ्या लाटायचीस, मी भाजायचे आणि काळ विचारायचे. चूक झाली की तुझी पोळी मी करपवायचे आणि ती माझ्या लेकाच्या, उमाशंकरच्या ताटात वाढायचे. बिचारा पहिली दोन वर्षं करपलेलं खात होता, त्याला कधी कळलं नाही. तू शिक्षक भरतीची परीक्षा पास झालीस त्या दिवशी मी पेढे वाटले आणि गल्लीत सांगितलं की माझा निकाल लागला. मग नेमणूक आली नांदेड जिल्ह्यात, उमरीला. शिवानी चार वर्षांची होती.

आणि मग एका रविवारी उमाशंकर ताटावरून म्हणाला, “राजीनामा दे. घर कोण बघणार?” तू त्याच्याकडे नाही बघितलंस. तू माझ्याकडे बघितलंस. मी पोळी भाजत होते. मी पोळी भाजतच राहिले. अडतीस वर्षं टेलिफोन खात्यात सरकारी नोकरी केलेली बाई, जिच्या तोंडाला पोस्टमास्तरपासून आमदाराच्या पीएपर्यंत सगळे घाबरायचे, तिला त्या दिवशी एक वाक्य सुचलं नाही. मुलगा आणि सून यांच्यात बोलू नये, असं काहीतरी मी स्वतःला सांगितलं. तू त्यानंतर मला एकदाही त्याबद्दल बोलली नाहीस. बोलली असतीस तर बरं झालं असतं. मी भांडले असते, आणि भांडता भांडता खरं बोलले असते.

आता या महिन्याचं. करारात लिहिलंय की उन्हाळ्याच्या सुट्टीत एक ते एकतीस मे ‘अज्ञान मुलगी शिवानी’ वडिलांच्या सहवासात त्यांच्या लातूर येथील घरी राहील, आणि एक जूनपासून शाळा सुरू होईपर्यंत आईकडे. अज्ञान! नऊ वर्षांच्या त्या पोरीएवढं ज्ञान आमच्या घरात सध्या कोणाला असेल तर मी माझं पेन्शन सोडायला तयार आहे. करारात असंही लिहिलंय की रोज संध्याकाळी साडेसातला आई फोन करील. तू एक दिवस चुकवला नाहीस. व्हिडिओवर तुझा चेहरा दिसला की ती रडते, म्हणून तूच म्हणालीस, नुसता आवाज पुरे. वर्षाराणी, नुसत्या आवाजाचा धंदा मी अडतीस वर्षं केला. तिथेच घोटाळा झाला.

उमाशंकर मेच्या पहिल्या तारखेला अहमदपूरहून तिला घेऊन आला आणि चार तारखेला पहाटेच गेला. त्याच्या बियाण्याच्या कंपनीने एप्रिलमध्ये त्याची बदली हुबळीला केली आहे. तुला सांगितलं नाही, कोर्टाला सांगितलं नाही, मला सांगितलं ते बॅग भरून दारात उभं राहून. खरिपाच्या आधीचा महिना, डीलरांच्या बैठका, सुट्टी मिळत नाही. मी विचारलं, मग पोरीला नांदेडला पाठवायचं का? तो म्हणाला, “आई, पाठवलं तर पुढच्या उन्हाळ्यात ती येणारच नाही. वर्षा म्हणेल, बाप नाही तर कशाला. हा एक महिना निभावून ने.” हे शेवटचं वाक्य माझ्या बरोबर वर्मी लागलं. त्या करारात बाप आहे, आई आहे, दोन वकील आहेत, फीची पावतीसुद्धा आहे. आजी नाही. मला शिवानी मिळते ती उमाशंकरच्या वाट्यातून. त्याचा वाटा गेला की माझं काय राहिलं? रोज सकाळी साडेआठला येणारे सुप्रभातचे फुलांचे फोटो.

म्हणून मी निभावून नेलं. आणि असं नेलं की टेलिफोन खात्याने मला त्यासाठी प्रमाणपत्र द्यावं. सात पंचवीसला उमाशंकर हुबळीहून मला फोन लावायचा. तो लाइनवर गप्प थांबायचा. साडेसातला तुझा आला की मी तो उचलायचे आणि दोन्ही लाइनी जोडायचे. तुला एवढंच कळायचं की आत्यांनी फोन उचलला आणि मागे कुठेतरी उमाशंकर आहे. तू शिवानीशी बोलत असताना तो मध्येच “शिवानी, चप्पल आत ठेव” म्हणायचा. मी ताटावर चमचा वाजवायचे. एकदा तर मी म्हणाले, “अरे, टीव्ही हळू कर,” आणि त्याने तिकडे हुबळीत त्याच्या खोलीतला टीव्ही हळू केला. तू हसलीस. म्हणालीस, “आत्या, तुमच्या घरात काही बदललं नाही.” मला त्या क्षणी, खोटं कशाला सांगू, अभिमान वाटला. जुन्या बोर्डावर दोन गावं जोडताना वाटायचा तसाच.

कामावर आम्हाला एक नियम होता. लाइन जोडली की कान काढून घ्यायचा. ऐकायचं नाही. मी तो नियम पाळणारी ऑपरेटर होते, खरं तर फारच थोड्यांपैकी. पण त्याआधीचीही एक गोष्ट मला येत होती, ती कॉन्व्हेंटमधली. दर रविवारी घरी पत्र लिहायचं आणि पाकीट बंद करायच्या आधी सिस्टर ते वाचायच्या. उदगीरच्या माझ्या डाळवाल्या वडिलांना सात वर्षं दर आठवड्याला माझं एक पत्र गेलं, आणि प्रत्येक पत्रात मी मजेत होते. मला कावीळ झाली तेव्हाही मी मजेत होते. अक्षर फार सुंदर होतं. वडील ते पाहुण्यांना दाखवायचे. तर ही दोन्ही शिक्षणं मी या महिन्यात एकत्र वापरली, आणि ती वापरताना माझ्या मांडीला टेकून एक नऊ वर्षांची मुलगी बसलेली असायची. तिला आम्ही काही शिकवलं नाही. तिला कोणी सांगितलंसुद्धा नाही, की आईला सांगू नकोस. गरजच पडली नाही. चौथ्या दिवशी तू विचारलंस, “पप्पा कुठंयत?” आणि त्या दिवशी हुबळीची लाइन लागली नव्हती. मी तोंड उघडायच्या आत ती म्हणाली, “आंघोळीला गेलेत.” उमाबाई दारात भाजी निवडत होती. फोन ठेवल्यावर ती मला म्हणाली, “म्याडम, काय शिकवून राहिलात लेकराला? उद्या ते तुमालाच बनवंल.” मी तिला म्हणाले, तू मेथी बघ. ती म्हणाली, “मेथीच बघून राहिले. किडकी बी दिसती मला.”

चौदा मेची दुपार तुला आठवत असेल. बुधवार होता. अडीच-पावणेतीनच्या सुमाराला तुला माझ्या नंबरवरून फोन आला, उचललास तर कोणी बोलेना, आणि मग एकदम उमाशंकरचा आवाज आला. तुला वाटलं, तो माझ्या फोनवरून बोलतोय. त्याला वाटलं, आईने नेहमीसारखी लाइन जोडली, पण आधी सांगायला विसरली. मी तेव्हा कूलरपुढे तोंडावर पेपर घेऊन झोपले होते. लाइन शिवानीने जोडली होती. माझा फोन घेऊन, आधी तुला, मग त्याला, मग दोघांना एकत्र. दहा दिवस माझं बोट कुठे जातं ते तिने बघितलं होतं. तिने नंतर मला कारण सांगितलं. तिला काही विचारायचं नव्हतं, काही सांगायचं नव्हतं. तिला ऐकायचं होतं की ती नसताना तुम्ही दोघं एकमेकांशी कसं बोलता.

तर तुम्ही कसं बोललात? चांगलं बोललात. ती मला सगळं दोघांच्या आवाजात बोलून दाखवू शकते, मी ते चार वेळा ऐकलंय. तू म्हणालीस, बरे आहात का. तो म्हणाला, बरा आहे, ऊन फार आहे. तू म्हणालीस, इकडेही. मग तू विचारलंस, “शिवानी काय करतेय?” आणि माझ्या मुलाने, चारशे किलोमीटरवर कुठल्यातरी डीलरच्या गोदामाबाहेर उभं राहून, क्षणभरही न अडखळता सांगितलं, “ही काय, माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपलीय.” तू म्हणालीस, “मग हळू बोला, उठेल ती.” आणि तू फोन ठेवलास.

मी उठले ती उमाबाईच्या हाकेने. “म्याडम, पोरगी बगा जरा. डोळे गच्च मिटून पडलीय, बोलंना.” दिवाणावर शिवानी पाय पोटाशी घेऊन झोपली होती, पण झोपलेल्या माणसाचे डोळे असे आवळलेले नसतात. मी कपाळ बघितलं, गार. मी म्हणाले, शिवू, काय होतंय? ती डोळे न उघडता म्हणाली, “काही नाही अव्वा. पप्पा आईला म्हणाले, मी झोपलेय.” मी म्हणाले, मग? ती म्हणाली, “मग झोपलेय.”

वर्षाराणी, तिला तिच्या बापाला खोटं पडू द्यायचं नव्हतं. जेवढं तिच्या हातात होतं तेवढं तिने खरं करून टाकलं. मांडीचं तिला जमलं नाही.

तुला वाटेल, त्याच संध्याकाळी मी तुला सगळं सांगायला हवं होतं. हवंच होतं. साडेसातला तुझा फोन आला आणि तू मला म्हणालीस, “आत्या, दुपारी फार बरं वाटलं. तिला बाप मांडीवर घेतो, एवढं जरी टिकलं तरी मला बाकीचं काही नको.” तुझा आवाज ओला होता. तुला मे महिन्याची सुट्टी असते, तू घरात एकटी असतेस, पोरीची खोली आवरतेस आणि पुन्हा विस्कटतेस, हे मला तुझ्या आवाजावरून रोज कळत होतं. नुसत्या आवाजावरून माणूस उभं आहे की बसलंय हे मला कळतं. आणि मी म्हणाले, “हो ना.” एवढंच. शिवानी माझ्याकडे बघत होती. या सबंध महिन्यात मी बोललेल्या सगळ्या खोट्यांमध्ये हे सगळ्यात लहान आणि सगळ्यात हलकट. दुसऱ्या दिवसापासून मी लाइन जोडली नाही. उमाशंकर फोन करायचा, मी उचलायचे नाही. तुला मात्र ‘बाहेर गेलाय’ असं सांगत राहिले. निदान तेवढं खरं होतं, असं मी माझं समाधान करून घेतलं. कॉन्व्हेंटच्या पोरी अशाच असतात, खोट्याच्या काठावर पाय न भिजवता चालतात.

सतराला, शनिवारी, तो आला. शिवानीसाठी एवढी मोठी बाहुली घेऊन आला, आणि पोरगी बाहुल्यांशी खेळायची दोन वर्षांपूर्वीच थांबलीय. तिने बाहुली घेतली, ‘थँक यू’ म्हणाली, आणि घरी आलेल्या पाहुण्याला विचारतात तशी त्याला म्हणाली, “पप्पा, पाणी देऊ का?” त्याचा चेहरा तू बघायला हवा होतास. नको, बरं झालं तू नव्हतीस. मी त्याला स्वयंपाकघरात नेलं आणि चौदा तारखेचं सगळं सांगितलं. तो ओट्याला टेकून उभा राहिला. मग त्याने डब्यातली भाकरी काढून नुसतीच खाल्ली, त्याच्या बापाची सवय, अपराधी वाटलं की तोंडात काहीतरी हवं. तो वाईट माणूस नाही. तुला हे सांगायची गरज नाही. वाईट असता तर तू कधीच सोडून गेली असतीस, इतकी वर्षं थांबली नसतीस. तो लेकरावर जीव टाकतो. फक्त जीव टाकायला तो नेहमी उद्या येणार असतो.

रविवारी सकाळी त्याने बॅगेतून एक कागद काढला. त्याच्या वकिलाने तयार केलेलं प्रतिज्ञापत्र, माझ्या नावाचं. त्यात लिहिलं होतं की मुलीचे वडील संपूर्ण मे महिना लातूरच्या घरी मुलीसोबत राहिले आणि तिची देखभाल त्यांनी स्वतः केली, हे मी प्रत्यक्ष पाहिलं. आणि पुढे, मुलीची आई रोज नांदेडहून उमरीला रेल्वेने जा-ये करते, मुलगी शाळेतून आल्यावर तीन तास शेजाऱ्यांकडे असते, सबब मुलीचं हित लातूरला आहे. जूनमध्ये तो ताबा बदलून मागणार आहे. वर्षाराणी, धक्का बसला असेल तर थोडं पाणी पी आणि मग पुढे वाच. मी त्याला विचारलं, तू तर हुबळीला, ती इथे कोणाजवळ राहणार? तो म्हणाला, “तुझ्याजवळ, आई. कायमची. मी बदली मागतो, होईल सहा महिन्यांत.” तो मला लाच देत नव्हता. त्याला खरंच वाटत होतं की पोरगी इथे आली की तोही येईल, सगळं जागेवर बसेल. आणि तुझ्यापासून लपवत नाही, मी तो कागद दोन दिवस कपाटात ठेवला. एक सही, आणि शिवानी बारा महिने माझ्या घरात. सकाळी शेजारी विभूती लावून बसलेली. मी कपाट उघडायचे, कागद वाचायचे, बंद करायचे. पेनसुद्धा काढून ठेवलं होतं.

मंगळवारी मी त्याला हुबळीला फोन केला आणि सांगितलं, मी सही करणार नाही, रविवारी पोरीला तिच्या आईकडे पोचवणार आहे, आणि खरं काय ते वर्षाला लिहून देणार आहे. तो म्हणाला, “तू कोणाची आई आहेस?” मी म्हणाले, तुझीच, म्हणूनच तुला आधी सांगतेय. त्याने फोन ठेवला. दोन दिवसांनी पुन्हा केला आणि म्हणाला, “ऊन फार आहे, तिला दुपारच्या गाडीने नेऊ नकोस.” यापुढे तो काय करील मला माहीत नाही. पण त्या कागदाशिवाय त्याचा अर्ज लंगडा आहे, हे त्याच्या वकिलालाही कळतं आणि मलाही.

तर हे पत्र त्यासाठी. ते प्रतिज्ञापत्र मी दिलं नाही, त्याच्या जागी हे देते. उन्हाळ्याच्या या चोवीस दिवसांत शिवानीचे वडील पाच दिवस तिच्याजवळ होते, बाकीचे दिवस ती माझ्याजवळ होती, आणि मी तुला रोज फसवलं. खाली पूर्ण नावाने सही करते. उद्या कोर्टात कोणी उभं करायचं म्हटलं तर उभी राहीन आणि हेच बोलेन. तू हे तुझ्या वकिलाला दाखव, किंवा नुसतं कपाटात ठेव, ते तुझ्यावर. त्या रविवारी ताटावर तू माझ्याकडे बघितलंस, त्याचं उत्तर पाच वर्षं उशिरा देतेय: नोकरी सोडली नाहीस ते योग्य केलंस. माझ्यासाठी कुठलं कलम मागत नाही. तू बोलावलंस तर नांदेडला येईन, नाही बोलावलंस तर पत्र लिहीन, आणि ती पत्रं तू आधी वाचून मग तिला दे, माझी हरकत नाही. हे सगळं मी आज सकाळी शिवानीला वाचून दाखवलं. तिच्याबद्दल तिच्यामागे पुन्हा काही करायचं नाही असं ठरवलंय, म्हणून. ती कुरडयांचं ऐकून हसली, आणि शेवटी म्हणाली, “अव्वा, यात सायकल नाही.” कुठली सायकल? तर म्हणाली, दोन तारखेला आणि तीन तारखेला पप्पांनी तिला पलीकडच्या मैदानावर सायकल शिकवली. दोन्ही सकाळी. ते मागे धरून पळत होते, ऑफिसच्या चपला घालून, आणि एका चपलेचा पट्टा तुटला तरी एका चपलेने पळत राहिले, आणि तिसऱ्या चकरेला त्यांनी सोडून दिलं ते तिला कळलंच नाही. मी म्हणाले, बरं, मग? ती म्हणाली, “मग ते पण लिही. नाहीतर आई म्हणेल, पप्पा आलेच नव्हते. ते आले होते.” मी लिहिलं. आता ती वाचून बघेल, आणि मगच पाकीट बंद करू देईल.

तुझीच, कोर्टाचा कागद काही म्हणो,
आत्या

(सौ. जगदेवी बसलिंगप्पा हा माझा जुना पत्ता झाला. सही अशी वाचावी: श्रीमती जगदेवी बसलिंगप्पा उदगिरे, निवृत्त पर्यवेक्षक, दूरध्वनी केंद्र, लातूर.)